सोपं करून पकडला, त्यात काय!

मुंबईचा माणूस डोळे उघडल्यापासून एकाच विवंचनेत असतो: कमी त्रासात कसं उरकेल? जिन्यासमोर लोकलचा नेमका कोणता डबा थांबतो, हे त्याला पाठ असतं. कोथिंबीर दहा मिनिटांत दारात आली नाही तर अकराव्या मिनिटाला तो तक्रार नोंदवतो. रांग दिसली की ती टाळून देणारा ओळखीचा माणूस कोण, हे तो आधी आठवतो; रांग कशाची आहे हे मागाहून विचारतो. अशा या शहरात, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरच्या हॉर्नच्या कल्लोळापासून हाकेच्या अंतरावर, पवई तलावाच्या काठी काही माणसं रजा टाकून, पदरचे पैसे मोजून, एक सोपं काम जमेल तितकं अवघड करत बसलेली असतात.

काम म्हणजे मासा मिळवणं. ते सोपं आहे याबद्दल दुमत नसावं. मरोळचा मासळी बाजार फार लांब नाही. तिथे मावशीला "ताजा आहे ना?" असं विचारलं की ती आपल्याकडे अशी बघते, जणू शिळे आपणच आहोत. मग थोडी घासाघीस, पिशवी, रिक्षा, आणि तासाभरात घरात कालवणाचा वास. काठावरच्या गृहस्थांकडे रॉड असतो, रील असतं, तीन जाडीच्या दोऱ्या, फ्लोट, गळांची कप्प्याकप्प्यांची पेटी, घडीची खुर्ची, छत्री आणि थर्मास असतो. एवढ्या पैशांत घरी कित्येक महिने सुरमई आली असती. हा हिशेब मी मांडलेला नाही. तो त्यांच्या घरी वेळोवेळी मांडला जातो आणि आवाज खिडकीतून बाहेर येतो.

या मंडळींना मी बरेच दिवस लांबून पाहत आलो आहे. प्रत्येकाचं सामान वेगळं, मासा वेगळा, आमिष वेगळं. पण एका बाबतीत सगळे सारखे. प्रत्येकानं आपल्यापुरती एक रेघ मारलेली असते. या रेघेच्या अलीकडे खेळ, पलीकडे लबाडी. आणि लबाडीची व्याख्या अगदी सोपी असते: माझ्यापेक्षा एक सोय जास्त वापरतो तो लबाड, माझ्यापेक्षा एक सोय कमी वापरतो तो चक्रम.

तलावही या मंडळींना शोभेल असाच आहे. तो १८९० मध्ये बांधून झाला, तेव्हा १२ लाख ५९ हजार रुपये खर्च आला. (आज तेवढ्यात इथे गाडी उभी करायला जागा मिळाली तरी पेढे वाटावेत.) बांधला होता मुंबईकरांना पिण्याचं पाणी मिळावं म्हणून. पाणी पिण्याजोगं निघालं नाही. मग ते आरे दुग्ध वसाहतीला आणि कारखान्यांना द्यायचं ठरलं. आजही पावसाळ्यात ५४५ कोटी लिटर पाणी भरून तलाव ओसंडतो, वर्तमानपत्रात त्याचा फोटो येतो, आणि त्याखाली हे पाणी पिण्यासाठी नाही, अशी ओळ न चुकता असते. ज्या कामासाठी नेमणूक झाली ते काम न करता सव्वाशेहून अधिक वर्षं मानानं टिकून राहिलेला हा तलाव आहे. खाण्यासाठी नसलेले मासे पकडायला याहून योग्य जागा कोणती?

तलावाकाठी ‘महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन’ ही गळवाल्यांची जुनी संस्था आहे. पाण्यात कटला, रोहू, मृगळ अशी घरंदाज मंडळी आहेत. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो पाण्याच्या वरच्या थरात खातो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. म्हणजे गळ किती खोल सोडायचा, इथूनच मतभेदांना सुरुवात. शिवाय चिलापी आहे. ती कुठेही असते, काहीही खाते, आणि कोणीही बोलावलेलं नसताना पहिली येते. तासभर कमावलेली शांतता आणि जपून लावलेलं आमिष चिलापीनं संपवलं की गळवाला जो शब्द उच्चारतो, तो या लेखात देता येणार नाही.

काठावरचे ज्येष्ठ म्हणजे कणिकवाले. यांचं आमिष घरच्या परातीत मळलेलं असतं. त्यात काय घातलंय हे विचारायचं नसतं. एकाच्या गोळ्याला हिंगाचा वास येतो, दुसऱ्याच्या गोळ्याला बडीशेपेचा, तिसऱ्याच्या गोळ्याला कसला येतो हे घरच्यांनाही कळलेलं नाही. फक्त ती परात आता पोळ्यांसाठी वापरत नाहीत. कणिकवाल्यांचा खेळ फ्लोटवर नजर ठेवण्याचा. फ्लोट हलला म्हणजे मासा लागला असं नाही. मासा आधी नुसता वास घेतो, ढकलून बघतो, मग ओठानं चाखतो. नेमक्या कोणत्या हालचालीला झटका द्यायचा, यातच पन्नास वर्षांची तपश्चर्या. लवकर दिला तर मासा गेला, उशिरा दिला तर कणीक गेली.

कणिकवाल्यांच्या मते बाकीचे सगळे घाईचे. त्यांच्यापासून थोड्या अंतरावर लुअरवाला तरुण उभा असतो. तो बसत नाही. प्लॅस्टिकचा बेडूक किंवा रंगीत खोटा मासा फेकायचा, गुंडाळत ओढायचा, परत फेकायचा. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे मरळ. मरळ पाण्यावर येऊन हवेतला श्वास घेते, झाडोऱ्यात दबा धरते आणि बेडकावर अशी झडप घालते की फेकणाराच दचकतो. हा तरुण खरं आमिष वापरणं कमीपणाचं मानतो. "खायला दिलं तर कोणीही येईल, काका. खोटं दाखवून बोलावण्यात मजा आहे." यावर कणिकवाले काका म्हणतात, "आमच्या वेळी याला फसवणूक म्हणायचे." पण त्याच तरुणाचाही एक धर्म आहे. मरळीची जोडी पिल्लांचा थवा राखत फिरत असते. त्या वेळी ती चिडून कशावरही तोंड टाकते, म्हणजे पकडायला सर्वांत सोपी. तेव्हा तो गळ गुंडाळून घेतो. आईबापांवर गळ टाकायचा नाही. ही रेघ त्याला कोणी आखून दिलेली नाही, आणि काकाही त्या वेळी काही बोलत नाहीत.

तिसरा पंथ यंत्रवाल्यांचा. यांच्याकडे पाण्यात आवाज सोडून मासे कुठे आहेत ते पडद्यावर दाखवणारं उपकरण असतं. कणिकवाले आणि लुअरवाले यांचं ज्या एकाच मुद्द्यावर एकमत आहे तो म्हणजे हा गृहस्थ. गंमत अशी की पडद्यावर मासे भरपूर दिसतात आणि गळाला एकही येत नाही. मासा कुठे आहे हे कळणं आणि त्याला आपण हवे असणं, यातलं अंतर यंत्राला मोजता येत नाही.

ही उतरंड पवईचीच आहे असं समजू नये. तिची खरी भव्यता पाहायची तर सॅमनच्या देशात जायला हवं. (हॉटेलच्या मेन्यूत आपल्या रावसाला इंडियन सॅमन म्हणतात, पण दोघांत सोयरीक नाही.) अटलांटिकचा सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला नदीत परत येतो. परतताना तो खाणं थांबवतो. महिनोन्‌महिने उपाशी. आणि नेमक्या याच उपाशी, पण भूक नसलेल्या माशाला आमिष दाखवायला स्कॉटलंड-नॉर्वेच्या थंड पाण्यात माणसं छातीपर्यंत बुडून उभी राहतात, त्यासाठी नदीच्या तुकड्याचं दिवसाचं भाडं भरतात. मासा तरीही कधीकधी तोंड मारतो. का मारतो, यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद चालू आहे. कोणी म्हणतं रागानं, कोणी म्हणतं समुद्रातल्या सवयीनं, कोणी म्हणतं कुतूहलानं. मला यात गूढ काही वाटत नाही. लग्नात पंगतीवरून "आता घासही नको" म्हणत उठलेला पाहुणा आइस्क्रीमच्या टेबलाकडे कसा वळतो, ते आपण पाहिलेलं आहे.

सॅमनवाल्यांत सर्वांत वरचा मान माशीवाल्यांचा. माशी म्हणजे गळाला पिसं, रेशीम, सोनेरी तार गुंडाळून केलेली खोटी वस्तू. ती कुठल्याही जिवंत माशीसारखी दिसत नाही. माश्यांच्या राणीच्या राज्याभिषेकाची वाटावी अशी दिसते. जुन्या सॅमन-माश्यांत आपल्या सह्याद्रीतल्या करड्या रानकोंबड्याच्या मानेवरची ठिपक्यांची पिसं मोलाची मानली जात. पुढे त्यांच्या निर्यातीवर बंदी आली. म्हणजे स्कॉटिश उमरावाच्या दोरीच्या टोकाला एके काळी आपल्याकडचा कोंबडा नाचत होता, आणि श्रेय भलताच घेत होता. या पिसांचं वेड किती? २००९ मध्ये बासरी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्यानं इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून पक्ष्यांची २९९ कातडी पळवली, सॅमन-माश्या बांधण्यासाठी. कळस असा की अशा माश्या बांधणाऱ्यांपैकी अनेक जण त्या पाण्यात टाकतच नाहीत. चौकटीत लावतात. मासा पकडण्याचं काम अवघड करत करत त्यांनी माशालाच वगळलं. अवघडपणाची यापुढची पायरी मला दिसत नाही.

आणि मग ७ ऑक्टोबर १९२२ उजाडतो. स्कॉटलंडच्या टे नदीवर जॉर्जिना बॅलंटाइन नावाच्या तरुणीनं, वडील नाव वल्हवत असताना, ६४ पौंडांचा म्हणजे सुमारे २९ किलोंचा सॅमन गळाला लावला आणि दोन तासांहून अधिक झुंजून बाहेर काढला. ब्रिटनचा तो विक्रम शंभर वर्षं उलटली तरी तसाच आहे. आमिष माशी नव्हतं. पाण्यात फिरत जाणारा छोटा मासा होता. म्हणजे माशीवाल्यांच्या शिडीवर एक पायरी खाली. तो सॅमन नंतर पर्थ शहरातल्या एका दुकानाच्या काचेत मांडला होता. बघ्यांतला एक म्हातारा म्हणत होता की एवढा मासा बाईमाणसाला काढणं शक्यच नाही. जॉर्जिना गर्दीत मागे उभी राहून ते ऐकत होती. विक्रम मोडता येत नसेल तर तो घडलाच नाही असं म्हणावं, ही रीत पवईपासून पर्थपर्यंत एकच आहे.

कॅनडातल्या व्हँकूवरला राहणारा माझा भाचा पॅसिफिकच्या सॅमनवर जातो. तिथे गळाच्या टोकामागचा उलटा काटा ठेवायची परवानगी नाही. गळ साधा, गुळगुळीत हवा. परवान्यावर सॅमन-संरक्षणाचा वेगळा शिक्का घ्यावा लागतो. "म्हणजे मामा, मासा सुटायची सोय आपणच करून द्यायची." मी हे काकांना सांगितलं. काका म्हणाले, "त्याला सांगा, इथे त्यासाठी कायदा लागत नाही. जलपर्णी आहे."

सॅमनचं कौतुक फार झालं की पवईकर महसीर काढतात. हे त्यांचं हुकमाचं पान. मद्रास इलाख्यातला सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यानं १८७३ मध्ये हिंदुस्थानातल्या गळाच्या शिकारीवर पुस्तक लिहिलं आणि त्यात निकाल देऊन टाकला: वजनाच्या मानानं महसीर सॅमनपेक्षा जास्त झुंज देतो. साहेबानं साहेबाच्या माशाविरुद्ध दिलेली ही साक्ष असल्यामुळे ती आपल्याकडे फार आदरानं सांगतात. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातल्या एकानं १९४६ मध्ये कबिनी नदीतून १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महसीर काढला होता, हेही लगोलग सांगतात. धरणांनी आणि सुरुंगांनी या माशाची पुढे दैना केली. लोणावळ्याला वलवण येथे टाटांच्या वीज कंपनीनं १९७० च्या दशकापासून त्याची पैदास करून पिल्लं देशभर पाठवली. वीज करायला नदी अडवायची आणि त्याच नदीच्या माशाचं बाळंतपणही करायचं, असा दुहेरी संसार.

आता कोणी म्हणेल, हे सगळं साहेबी खूळ आहे. तसं नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ लिहिला. इडली-डोशाच्या पूर्वजांचा पुरावा म्हणून हा ग्रंथ सगळ्यांना ठाऊक असतो. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरण आहे: कोणते मासे समुद्राचे, कोणते नदीचे, कोणाला काय खायला घालावं, दोरी कशाची, काठी कशी, गळ केवढा. राजानं मासे आधी नेमानं खायला घालून जागेला चटावायचे आणि मग गळ टाकायचा. काठावर मी हे वाचून दाखवलं तेव्हा कणिकवाले काका कृतार्थ झाले. नऊशे वर्षांपूर्वीचा राजा आपल्या पक्षाचा निघाला! लुअरवाला मात्र म्हणाला, "आधी चारून ठेवायचं आणि मग पकडायचं? हे तर सरळ सेटिंग झालं." राजांनाही रेघेच्या पलीकडे ढकलणारा माणूस याच काठावर भेटतो.

याच मुलुखात रायगड जिल्ह्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे, वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसे आहे. तिथे देवाचे म्हणून महसीर राखलेले आहेत. भाविक हातानं खाऊ घालतात, मोठे मासे पायाशी येतात, आणि गळ टाकायची कोणाची छाती होत नाही. म्हणजे सोमेश्वर चारायचा आणि पकडायचा. तिळशाला चारतात आणि पकडत नाहीत. आणि पवईचा हल्लीचा शौकीन चारतो, पकडतो, फोटो काढतो आणि सोडून देतो.

हे सोडून देणं हल्ली सगळीकडे रूढ झालंय. स्कॉटलंडमध्ये आता गळाला लागलेल्या दहा सॅमनपैकी नवांहून अधिक परत पाण्यात जातात, कारण सॅमनच उरत नाहीयेत. सोडायचंही शास्त्र आहे. हात आधी ओले करायचे, म्हणजे माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. तोच त्याला रोगापासून वाचवतो. पाण्याबाहेर क्षणभरच ठेवायचा. सोडताना भिरकवायचा नाही. धरून ठेवायचा, कल्ले नीट हलायला लागले की त्याचा तो निघतो. माशाला एवढ्या हळुवारपणे निरोप देणारा हाच माणूस सकाळी घरातून निघताना दार कसं आपटतो, ते शेजाऱ्यांना विचारा. घरी पोचल्यावरचा संवाद सगळ्या घरांत एकच असतो.

"मिळाला?"

"मिळाला. चांगला सहा किलोंचा होता."

"मग कुठाय?"

"सोडला."

"अहो, मग गेला होतात कशाला?"

या प्रश्नाला आजवर कोणत्याही गळवाल्याला उत्तर देता आलेलं नाही. पण उत्तर आहे, आणि ते दोरीत आहे. अमेरिकेत १९३९ मध्ये स्थापन झालेली ‘आयजीएफए’ ही संस्था गळाच्या जागतिक विक्रमांची नोंद ठेवते. ती नुसतं वजन लिहीत नाही. किती बारीक दोरीवर मासा काढला, त्याचे वेगवेगळे वर्ग करते. जाड दोरखंडावर मोठा मासा ओढून काढण्याचं कोणाला कौतुक नाही. मोलाची गोष्ट अशी की दोरी तुटू शकत होती, आणि ती बारीक दोरी तूच निवडली होतीस. मासा धावला की रीलनं दोरी द्यायची, थकला की घ्यायची. ताण दोरीच्या ताकदीच्या किंचित आत ठेवायचा. या दहा-पंधरा मिनिटांत काठावरच्या माणसाला कर्जाचा हप्ता आठवत नाही, साहेब आठवत नाही, फोन वाजलेला ऐकू येत नाही. हरण्याची शक्यता विकत घ्यायला तो एवढं सामान घेऊन आलेला असतो. ऑफिसात ती फुकट मिळते, पण तिथे दोरीची जाडी दुसरा कोणीतरी ठरवतो. म्हणून कणिकवाला आणि लुअरवाला एकमेकांना कितीही हसले तरी एकाचा रॉड वाकला की दुसरा आपला गळ गुंडाळून घेतो, जाळी घेऊन धावतो आणि "सैल सोड, सैल सोड!" असं ओरडतो. वाकलेल्या रॉडपुढे पंथ राहत नाहीत.

मासेमारीतला या तलावाचा खरा उस्ताद मात्र कोणत्याच पंथाचा नाही. पवईत मगरी आहेत. त्यातली एखादी बेटावर किंवा गवताच्या कडेला ऊन खात पडलेली दिसते. ती फ्लोट वापरत नाही, परवाना काढत नाही, फोटो टाकत नाही, आणि पकडलेला मासा सोडत नाही. संयमाच्या बाबतीत कणिकवाल्यांनाही तिचं शिष्यत्व पत्करावं लागेल. पण तिला कोणी खेळाडू म्हणत नाही. तिला मासा हवा असतो, एवढाच तिचा दोष.

एका संध्याकाळी मी काकांना माझा सिद्धान्त ऐकवला. शिडी अशी: सर्वांत खाली जाळंवाला, मग यंत्रवाला, मग कणिकवाला, लुअरवाला, माशीवाला, जितकी सोय कमी तितका मान जास्त. मग भीतभीत विचारलं, "या हिशेबानं माझ्याकडे तर रॉडही नाही, गळही नाही. म्हणजे मी सगळ्यांच्या वरचा की नाही?"

काकांनी फ्लोटवरची नजर हलवली नाही.

"तुम्ही?" ते म्हणाले. "उन्हात बसायचं आम्ही, कणीक मळायची आम्ही, घरी बोलणी खायची आम्ही. आणि तुम्ही वहीतून आयता लेख काढायचा. हे तर जाळ्याहूनही सोपं!"